समुद्रावर जाताना मेकअप कोणता न्यावा? (मालवण-तारकर्ली, मार्चअखेर)

पळसफूल
नमस्कार सगळ्यांना. आमचा महिला बचत गट दिग्रस तालुक्यातला. हरभरा निघाला की मार्चच्या शेवटी गटातल्या बायांनी मालवण-तारकर्लीला जायचं ठरवलं आहे. बडनेऱ्याहून नागपूर-मडगाव गाडी पकडायची आणि कुडाळला उतरायचं. बहुतेकींनी समुद्र पाहिलेला नाही. विशीतल्या सुना आहेत, साठी ओलांडलेल्या आज्या आहेत, हौस सगळ्यांना सारखीच. होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं आहे, फोटो काढायचे आहेत, दोघी-तिघींना पाण्याखाली जाऊन मासे बघायचे आहेत.

प्रश्न मेकअपचा आहे. आम्ही लग्नाकार्यात लावतो ते फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक आणि टिकली. ऊन आम्हाला नवीन नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना मांडवात उभ्या राहिलेल्या बाया आहोत. पण माझी पुण्याची नणंद म्हणते, हे तिथे पाच मिनिटंही टिकणार नाही. तिथलं तापमान तर 33-34 च असतं, मग का टिकणार नाही? काय घ्यावं, काय घरी ठेवावं? शक्यतो तालुक्याच्या गावी मिळेल असं सांगा. आणि "समुद्रावर कशाला पाहिजे मेकअप" असं कृपया कोणी म्हणू नका. या बायांनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आहेत. त्यांना नटायचं आहे.

संत्रीबाग
व माय, किती मस्त बेत! मी वरुडची. आमच्या इकडून कोणी निघालं तर मले पण घेऊन चला म्हणाव. लिपस्टिक लाल न्या, निळ्या पाण्यासमोर लाल रंग लय खुलते फोटोत.

खाडीकाठ
मी मालवण तालुक्यातला, पण नोकरीमुळे काही वर्षं अकोल्यात काढली. तुमच्या नणंदबाई बरोबर सांगत आहेत. त्याचं कारण एका उदाहरणातून सांगतो. अकोल्यात माझ्या खोलीत कूलर होता, मे महिन्यात त्याच्यासमोर गोधडी घ्यावी लागायची. तोच कूलर मी मालवणला घरी आणला तर तो नुसती ओली गरम हवा फेकायला लागला. हवाच आधीपासून पाण्याने भरलेली, तिच्यात आणखी पाणी सुकणार कसं? घामाचंही तेच. तुमच्याकडे घाम आला की लगेच वाळतो, चेहरा कोरडाच राहतो, म्हणून फाउंडेशन जागेवर राहतं. आमच्याकडे घाम वाळत नाही, चेहऱ्यावर थांबतो आणि मेकअपला खालून उचलतो. पारा 12 अंशांनी कमी असला तरी चेहरा सकाळी आठपासून ओला.

म्हणजे प्रश्न उन्हाचा आहेच, पण त्याहून जास्त दमटपणाचा आहे. मेकअपचं मला काही कळत नाही, ते इथल्या ताई सांगतील.

पळसफूल
दादा, हे आत्ता कळलं. आम्ही सगळ्या "आपल्याला उन्हाची सवय आहे" यावरच अडून बसलो होतो.

औषधीवाली
माझं औषधांचं दुकान आहे, दारव्ह्याला. मेकअपच्या आधी सनस्क्रीनचं बोलू, कारण तुमच्या यादीत ती दिसली नाही. त्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच.

शेतात जाताना आपण डोक्यावरून पदर घेतो, तोंडाला दुपट्टा बांधतो. ऊन वरून येतं, म्हणून तेवढं पुरतं. समुद्रावर ते खालूनही येतं. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण 15 टक्के परत फेकते, लाटांचा पांढरा फेस तर सुमारे 25 टक्के. टोपी घातली तरी हनुवटी, नाकाखालचा भाग आणि गळा भाजतो. ढग असले तरी हलक्या ढगांतून बरेच किरण खाली येतात, त्यामुळे "आज ऊन नाही" म्हणून सोडून देऊ नका.

बाटलीवर एसपीएफ 30 किंवा 50 बघा. 30 वाली सुमारे 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवते, 50 वाली 98. फरक एवढाच, त्यामुळे 100 च्या आकड्यामागे पैसे घालू नका. शेजारी पीए आणि अधिकची चिन्हं असतात, ती तीन तरी हवीत. ती यूव्हीए किरणांसाठी, वांग आणि काळपटपणा त्यांनी वाढतो. तिसरं म्हणजे "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं पाहिजे. पाण्यात किंवा घामात ती 40 नाहीतर 80 मिनिटं टिकते, त्यापुढे कोणतीच टिकत नाही. अमेरिकेत तर "वॉटरप्रूफ" हा शब्द सनस्क्रीनवर छापायलाच 2011 च्या नियमांनी मनाई केली.

आता मुद्द्याची गोष्ट, किती लावायची. दुकानात बायका मटाराएवढी लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर खालपासून वरपर्यंत रेघ ओढा. तेवढी चेहरा आणि मानेला. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर टॉवेलने टिपून पुन्हा. कान, मानेची मागची बाजू, पायाचे पंजे आणि साडी नेसणाऱ्यांनी पाठ-कंबर विसरू नये.

कोरडवाहू
नाराज होऊ नका ताई, पण मी वेगळं मत मांडतो. समुद्रावर माणूस मोकळं व्हायला जातो. तोंडावर थर लावून गेलं की लाटेत शिरताना भीती, घाम पुसताना भीती. माझ्या बायकोने गणपतीपुळ्याला पूर्ण दिवस आरशात बघण्यात घालवला. सनस्क्रीन लावा, बाकी सगळं घरी ठेवा असं मला मनापासून वाटतं.

ज्वारीचं_कणीस
@कोरडवाहू, भाऊ, धागाकर्तीने आधीच विनंती केली होती. आणि वहिनींना आरशात बघावं लागलं याचं कारण मेकअप चुकीचा होता हे असू शकते. आमच्या गावातली बाई वर्षातून दोनदा नटते, लग्नात आणि पोळ्याला. तिसऱ्यांदा नटायले मिळून राह्यलं तर तिला घरी ठेव कसं म्हणता?

कोरडवाहू
हे पटलं. बायको वाचेल तर तुमच्याच बाजूने बोलेल. मी वाचत बसतो.

आरसेवाली
आर्णीला माझं पार्लर आहे. गोव्याला आणि दिवेआगरला लग्नाच्या ऑर्डरी केल्यात, म्हणून अनुभवाचं सांगते.

फाउंडेशन घरी ठेवा. खरंच. दमट हवेत ते आधी नाकाच्या बाजूंना फुटते, मग ओठांवरच्या लवेत साचते, मग ब्लाउजच्या गळ्याला लागते. त्याच्या जागी रंग असलेली सनस्क्रीन घ्या, टिंटेड म्हणतात. तिच्यात लोहाचे ऑक्साइड असतात, त्यांनीच तो तपकिरी रंग येतो. रंगही एकसारखा दिसतो आणि वांग असणाऱ्यांना त्याचा जास्त फायदा, कारण साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो आणि तो उजेड हे ऑक्साइड अडवतात. डाग असेल तिथेच कन्सीलरचा ठिपका, बोटाने थोपटून. घासायचं नाही.

रंग निवडताना कृपया एक ऐका. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणी स्वतःपेक्षा दोन छटा गोरा रंग मागतात. मांडवातल्या पिवळ्या दिव्यात ते खपून जाते. समुद्रावर चारी बाजूंनी पांढरा उजेड असतो, तिथे चेहरा राखेसारखा आणि मान सावळी दिसते. दुकानाबाहेर उन्हात या, जबड्याच्या कडेला लावून पाहा. लावलेलं दिसलं नाही, तोच तुमचा रंग. आपल्या सावळ्या रंगाच्या बाया समुद्रावर इतक्या सुंदर दिसतात, त्यांना पांढरं करायचं काऊन?

झिंक ऑक्साइडच्या सनस्क्रीनचं एक सांगते, संध्याकाळी फ्लॅश मारून फोटो काढला तर चेहरे पांढरे येतात. रात्रीच्या जेवणाआधी तोंड धुवा, मग फोटो काढा.

कॉम्पॅक्ट दाबून दाबून लावू नका. घाम आला की आधी टिश्यू किंवा जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा टेकवून टिपा. ओल्यावर पावडर बसली की पापुद्रे होतात. कपाळ, नाक, हनुवटी, एवढ्यालाच हलकी पावडर.

लिपस्टिक मॅट लिक्विडची, जी वाळून बसते ती. ग्लॉस अजिबात नको, वाऱ्याने उडालेली वाळू ओठाला चिकटते. मॅट ओठ कोरडे पाडते म्हणून खाली एसपीएफ असलेला लिप बाम, तो पूर्ण मुरू द्या, टिपा, मग लिपस्टिक. त्याच लिपस्टिकचा ठिपका गालावर बोटाने पसरवला तर वेगळा ब्लश घ्यायची गरज नाही.

संत्रीबाग
मी म्हटलं ना लाल! 😄

मोहाचं_झाड
काजळाचं कोणीच बोललं नाही. माझ्या सासूबाई घरी काजळ धरतात. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची वाटी पालथी, मग साजूक तुपात खलतात. ते चालेल का?

आरसेवाली
ते तुपा-तेलाचं. अंगाच्या उष्णतेने वितळते आणि दमट हवेत डोळ्याखाली उतरते. तिथे वॉटरप्रूफ पेन्सिल घ्या. ती लावल्यावर तिच्यातला पातळ भाग उडून जातो, मागे मेण आणि रंगाचा थर पक्का बसतो. म्हणून लावल्यावर अर्धा मिनिट डोळे मिचकावू नका. पापणीच्या आतल्या कडेला न लावता वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरून लावली तर उतरत नाही आणि झोंबतही नाही. काढायची तेलानेच, कापसावर खोबरेल घेऊन. पाण्याने चोळत बसाल तर पापण्यांचे केस हातात येतील.

औषधीवाली
बाजारातल्या सुरम्यापासून मात्र दूर राहा. त्यात शिसं असू शकतं. लेकराच्या डोळ्यात तर मुळीच घालू नका.

गोंदणखुणा
मी अंजनगाव सुर्जीची. वाचता वाचता माझ्या आजीची आठवण झाली. आजी कपाळावर आधी बोटाने मेण लावायची. छोटी डबी होती, मेण आणि कुंकू दोन्ही वेगळ्या कप्प्यात. मेणाचा गोल ठिपका, त्यावर कुंकू दाबायचं. भर उन्हात दिवसभर निंदण केलं, घाम धारांनी वाहिला तरी कुंकू जागेवर. मेणावर पाणी ठरत नाही. वरती आरसेवालीताईंनी वॉटरप्रूफ काजळाचं जे सांगितलं, त्यातही मेणच. मस्कऱ्यातही मेण असतं. म्हणजे पळसफूलताई, तुमच्या गटातल्या साठीच्या आज्यांना वॉटरप्रूफ मेकअप तुमच्यापेक्षा जास्त येतो, त्यांनाच विचारा.

पळसफूल
अंगावर काटा आला वाचून. आमच्या गटातल्या एका आजींकडे पितळेची तशी करंडा-डबी अजून आहे. त्या म्हणतात मेण मिळते, यात्रेत आणि पूजेच्या दुकानात. त्यांना हे वाचून दाखवलं तर लगेच म्हणाल्या, "मीच लावून देते साऱ्याइले."

वणीकर
कुंकवाचा विषय निघाला म्हणून. सोलापूर जिल्ह्यातलं करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. खरं कुंकू हळकुंडाचं, चुन्यासारख्या क्षाराने लाल झालेलं. स्वस्त भडक कुंकवात कृत्रिम रंग असतात, घामाने ते त्वचेत उतरून खाज सुटते. पूजेसाठी घेतलेलं आणि कपाळाला लावायचं वेगळं ठेवा.

औषधीवाली
वणीकर, चांगलं लक्षात आणून दिलं. टिकलीचंही सांगते, कारण माझ्याकडे कपाळावर पांढरा डाग घेऊन बऱ्याच बायका येतात आणि कोड समजून घाबरलेल्या असतात. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं, ते त्वचेतला रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं. रोज त्याच जागी टिकली, त्यात घाम, की डाग पडतो. जिला खाज किंवा फिकट डाग दिसतो तिने टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. सहलीत टिकलीऐवजी मेण-कुंकू हा उत्तम पर्याय. मेण नवीन असेल तर आधी दोन दिवस कानामागे लावून बघा.

आणखी एक, हे मला फार पोटतिडकीने सांगायचं आहे. गावात "गोरं व्हायची क्रीम" म्हणून बायका वर्षानुवर्षं एक ट्यूब लावतात, तिच्यात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असं लिहिलेलं असतं. ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. त्यातलं पहिलं स्टेरॉइड. त्वचा पातळ होते, गालावर लाल जाळं उमटतं, आणि ट्रेटिनॉइनमुळे ऊन सोसत नाही. असा चेहरा घेऊन तारकर्लीच्या वाळूत दिवसभर उभं राहिलं तर पहिल्याच संध्याकाळी आग आग होईल. 2018 मध्ये सरकारने अशा चौदा प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती हातोहात विकली जातात. माझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यावरून भांडणं होतात, होऊ देत. गटात कोणी लावत असेल तर एकदम बंद करू नका, एकदम सोडली की चेहरा भडकतो. सहलीच्या आधीच यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात किंवा सेवाग्रामला त्वचारोग विभागात दाखवा.

पळसफूल
आहेत. दोघी आहेत. उद्याच त्यांच्याशी बोलते. नावं न घेता गटाच्या बैठकीतही हे वाचून दाखवीन.

ज्वारीचं_कणीस
औषधीवालीताई, यासाठीच हा धागा वाचला असं म्हणीन मी. माझ्या चुलतबहिणीले पाठवून राह्यली.

तिफण
माणसांनी काय लावावं? आमच्या घरचे म्हणतात सनस्क्रीन बायांची वस्तू आहे.

खाडीकाठ
माझ्या गावातले होडीवाले लावतात, त्यांच्याहून मर्द कोण असणार? टक्कल असेल तर डोक्यालाही लावा. आणि पळसफूलताई, पाण्याखाली मासे बघायला ज्या जाणार आहेत त्यांच्यासाठी: त्या दिवशी सकाळी चेहऱ्यावर काहीच चोपडू नका. मास्कची मऊ रबरी कड चेहऱ्याला घट्ट बसावी लागते. तेलकट क्रीम असली की ती घसरते, आत पाणी शिरतं, आणि काजळ-मस्करा डोळ्यांत गेलं की वर यावं लागतं. डोक्यालाही आदल्या दिवशी तेल नको, पट्टा सरकतो. वर आल्यावर पंधरा मिनिटांत सनस्क्रीन लावा. नटायचं ते संध्याकाळी, देवबागच्या संगमावर. तिथला उजेड फोटोला सगळ्यात चांगला.

सनस्क्रीन घेताना जमलं तर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नसलेली घ्या. प्रवाळांना त्यांचा त्रास होतो म्हणून हवाईने 1 जानेवारी 2021 पासून अशा सनस्क्रीनची विक्री थांबवली. मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहेत, तुम्ही तेच बघायला येताय.

आरसेवाली
हे मलाही नवीन. झिंकवाली टिंटेड घेतली की दोन्ही कामं होतात.

मोहाचं_झाड
अत्तर लावू नका व. उन्हात अत्तराच्या जागी काळे पट्टे उठतात, माझ्या जावेच्या गळ्याले अजून आहेत.

औषधीवाली
बरोबर. बर्गमॉट जातीच्या लिंबाच्या तेलात असं द्रव्य असतं की ऊन लागलं की त्वचा भाजते. लिंबाचं सरबत पिळताना रस हातावर सांडला तरी तेच होतं, हात धुऊन मगच वाळूत जा. अत्तर हवंच तर साडीच्या पदराला.

संत्रीबाग
दागिन्यांचं सांगते. बेंटेक्सचं मंगळसूत्र खाऱ्या पाण्यात काळं पडते. आणि काचेच्या बांगड्या होडीत चढता-उतरता फुटतात, मनगटाले लागते. प्लास्टिकच्या रंगीत घ्या, फोटोत कोणाले समजत नाही.

कोरडवाहू
बायकोने आत्ताच धागा वाचला. ती म्हणते टिंटेड सनस्क्रीन मागव आणि मेणाचा ठिपका तिला शिकायचा आहे. आम्ही दिवाळीनंतर पुन्हा जाऊ.

पळसफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीत वाचलं. ठरलं ते असं: फाउंडेशन कोणी घेणार नाही. टिंटेड सनस्क्रीन तीन छटांत, गटाच्या पैशातून एकत्र घेऊ. मॅट लिपस्टिक ज्या त्या आपल्या आवडीने, त्यात लाल जास्त (संत्रीबागताई खूश). काजळ पेन्सिल प्रत्येकीची स्वतःची, डोळ्यांचं सामान एकमेकींत वापरायचं नाही. मेण-कुंकू आजींकडे. ट्यूब लावणाऱ्या दोघी मंगळवारी यवतमाळला जाणार, मी सोबत जाते.

शेवटचं विचारते. गाडीत रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा प्रवास. सामान तापलं तर सनस्क्रीन खराब होते का? आणि घरात मागच्या लग्नातला मस्करा पडून आहे, तो चालेल का?

औषधीवाली
डब्यात खिडकीच्या उन्हात ठेवू नका. पाण्याच्या बाटलीसोबत ओल्या पंच्यात गुंडाळून पिशवीच्या मध्ये ठेवा. किनाऱ्यावरही बाटली वाळूत ठेवायची नाही, सावलीत. आतली क्रीम फुटून पाणी आणि तेल वेगळं दिसलं तर ती टाकून द्या.

मस्करा उघडल्यापासून तीन ते सहा महिने. मागच्या लग्नातला टाका. नवीन घेताना डब्याच्या मागे उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात 6एम, 12एम असं लिहिलेलं बघा, उघडल्यावर इतके महिने चालतं. तालुक्याच्या दुकानात जुना माल असतो, म्हणून छापलेली तारीखही वाचून घ्या. दारव्ह्याला आलात तर माझ्याकडे या, तिन्ही छटा उन्हात लावून बघू.

आरसेवाली
आर्णीहून मी पण येते त्या दिवशी. जबड्याला रंग लावून बघायचं काम माझं.

पळसफूल
या की. सोमवारी बाजार असतो, सगळ्या मोकळ्या असतात. अकरा वाजता दुकानासमोर.